नाव एकाचं, गाव दुसऱ्याचं

शर्यतीत उतरणाऱ्या माणसाविषयी मला आदर आहे. पण कुतूहल म्हणाल तर ते शर्यत भरवणाऱ्याविषयी. उतरणारा बिचारा सरळ असतो. त्याला एक सुरुवात दाखवावी, एक शेवट दाखवावा आणि आपण बाजूला व्हावं. मधल्या अंतराचं तो आणि त्याचं नशीब बघून घेतात. भरवणाऱ्याचं तसं नाही. लोकांनी आपण होऊन, वर पदरची प्रवेश-फी भरून, दहा हजार किलोमीटर मोटारसायकलवर बसावं आणि अंगातली हाडं खिळखिळी करून घ्यावीत, हे ज्याला सुचतं आणि जो ते लोकांना पटवतो, तो माणूस साधा नव्हे. आमच्या इमारतीत पाण्याच्या टाकीसाठी माणशी शंभर रुपये जमवायला मला तीन जिने चार वेळा चढावे लागले होते, आणि तेही टाकीत पाणी येणार होतं म्हणून.

असे दोन पटवणारे एकाच वाटेवर समोरासमोर आले, की खरी शर्यत सुरू होते. तिला अंतर नसतं, पंच नसतात आणि मुख्य म्हणजे शेवट नसतो.

माझा स्वतःचा लांब पल्ला पुणे ते सातारा एवढाच. स्कूटरवरून, तोही मागच्या सीटवर. खंबाटकीचा घाट चढेपर्यंत मी मिरवणुकीत बसल्यासारखा ताठ होतो. घाट उतरताना पाठीचा एकेक मणका आपापली ओळख करून देऊ लागला. साताऱ्याला पोचल्यावर यजमानांनी "बसा" म्हटलं, तेव्हा मी उभ्यानंच चहा घेतला. तेव्हापासून लांब पल्ल्याच्या शर्यतींचा अभ्यास मी आरामखुर्चीत बसून करतो. नकाशा मांडीवर, चहा हाताशी आणि वाळवंट भिंगाखाली. या पद्धतीत तहान लागत नाही.

तर या अभ्यासात एक कोडं पडलं. मोटारसायकलवाल्यांच्या जगात 'डाकार' हे नाव आपल्याकडच्या पंढरीसारखं घेतलं जातं. डाकार म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, समुद्राकाठी असलेली सेनेगल देशाची राजधानी. पण 'डाकार' नावाची ही शर्यत डाकारला जात नाही! २००९ ते २०१९ ती दक्षिण अमेरिकेत झाली, म्हणजे डाकारच्या नि तिच्या मध्ये सबंध अटलांटिक महासागर. २०२० पासून ती सौदी अरेबियात होते. बंगळूरचा सी. एस. संतोष हा २०१५ साली 'डाकार' पुरी करणारा पहिला भारतीय ठरला, तेव्हा ती शर्यत सुटली ब्युनोस आयर्सला आणि संपलीही ब्युनोस आयर्सलाच. म्हैसूरपाकात म्हैसूर नसतं, हे आपण लहानपणापासून सोसलेलं आहे. पण म्हैसूरची पाटी लावलेली गाडी रोज नाशकाला जायला लागली तर?

बरं, डाकारला कोणीच जात नाही असंही नाही. दुसरी एक शर्यत आफ्रिकेत भरते, सहारा ओलांडते आणि डाकारजवळच्या गुलाबी तळ्याकाठी संपते. फक्त तिला 'डाकार' म्हणायची सोय नाही. तिचं नाव 'आफ्रिका इको रेस'. म्हणजे नाव एकाचं आणि गाव दुसऱ्याचं. आपल्याकडे असं भावाभावांच्या वाटण्यांत होतं : एकाला विहीर मिळते, दुसऱ्याला मोट.

हा घोळ कसा झाला, ते शोधायला मी मागं मागं जाऊ लागलो आणि पोचलो थेट १८९१ सालात. मोटारसायकल अजून रस्त्यावर यायची होती. होत्या त्या सायकली, आणि हे सगळं चाललं होतं फ्रान्समध्ये. (फ्रेंच नावं मी माझ्या जिभेच्या सोयीनं लिहितो आहे. फ्रेंच लोक निम्मी अक्षरं लिहून गिळतात. मी ती आधीच गिळतो.)

त्या वर्षी मे महिन्यात बोर्दो गावच्या एका सायकलविषयक पत्रानं बोर्दो ते पॅरिस अशी जवळजवळ सहाशे किलोमीटरांची शर्यत भरवली. ती जिंकली एका इंग्रजानं. फ्रेंचांना हे लागलं. पॅरिसमधल्या 'ल पती जुर्नाल' या दैनिकात पिएर जिफार नावाचा हरहुन्नरी पत्रकार होता. त्याला वेगळंच लागलं : ही कल्पना आपल्याला का सुचली नाही? सप्टेंबरात त्यानं पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत पॅरिस, असं बाराशे किलोमीटरांचं प्रकरण काढलं. बोर्दोवाल्यांचं सहाशे, मग आमचं दुप्पट. चार्ल्स तेराँ नावाच्या गड्यानं ते ७१ तास २२ मिनिटांत, जवळपास डोळ्याला डोळा न लावता पुरं केलं. ईर्ष्या आयोजकांची आणि झोपमोड तेराँची; या धंद्यातली ही वाटणी तेव्हाच ठरून गेली. ती वाट मात्र टिकली. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आज दर चार वर्षांनी हौशी सायकलस्वारांसाठी भरते, आणि पुण्या-मुंबईकडची मंडळीसुद्धा रजा टाकून तिथं झोप मोडायला जातात.

जिफारला आता शर्यती भरवायची चटकच लागली. १८९४ साली त्यानं पॅरिस ते रुआँ अशी बिनघोड्यांच्या गाड्यांची स्पर्धा घेतली. पहिला पोचला काउंट द दिऑं, स्वतः बनवलेल्या वाफेच्या गाडीतून. पण पहिलं बक्षीस त्याला मिळालं नाही. गाडी सोपी नि सुटसुटीत हवी, असा नियम होता. आणि काउंटच्या गाडीत भट्टी पेटती ठेवायला एक वेगळा माणूस लागत होता. परीक्षकांनी त्याला दुसरं बक्षीस दिलं. सरदार माणूस, मिशा मोठ्या, गाडी स्वतःची, पोचला सगळ्यांच्या आधी आणि बक्षीस दुसरं! असं दुःख माणूस विसरला असं दाखवतो, पण विसरत नाही.

पुढं जिफार 'ल वेलो' या क्रीडा-दैनिकाचा संपादक झाला. वेलो म्हणजे सायकल. ते हिरव्या कागदावर छापत. तेवढ्यात फ्रान्समध्ये द्रेफ्यूस प्रकरण पेटलं. एका ज्यू लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली होती आणि सगळा देश दोन तटांत विभागला होता. जिफार द्रेफ्यूसच्या बाजूचा, काउंट विरुद्ध बाजूचा. १८९९ साली घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर राष्ट्राध्यक्षांच्या डोक्यात एका उमरावानं काठी हाणली. त्या दंग्यात आपले काउंटही होते आणि त्यांना काही दिवस तुरुंगाची हवा खावी लागली. जिफारनं यावर लिहिलं. ते काउंटच्या वर्मी लागलं. 'ल वेलो' चालत होतं ते मोटारी, सायकली आणि टायरवाल्यांच्या जाहिरातींवर. आणि काउंट होता मोटारींचा मोठा कारखानदार. त्यानं आणि त्याच्या मंडळींनी १९०० साली स्वतःचं दैनिकच काढलं. कागद पिवळा. नाव 'लोतो-वेलो', म्हणजे 'मोटार आणि सायकल'. संपादक नेमला आँरी देग्रांज. हा मूळचा वकिलाच्या कचेरीतला कारकून. उघड्या पोटऱ्यांनी सायकल चालवतो म्हणून अशिलांनी नाकं मुरडली आणि त्याची नोकरी गेली, असं सांगतात. पण त्याच पोटऱ्यांनी त्यानं १८९३ साली तासाभरात ३५ किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून विक्रम केला होता.

पुढचं तुमच्या ध्यानात आलंच असेल. जिफार कोर्टात गेला. 'वेलो' हा शब्द आमचा! जानेवारी १९०३ मध्ये कोर्टानं ते मान्य केलं आणि देग्रांजच्या पत्राच्या नावातली सायकल काढून घेतली. उरलं नुसतं 'लोतो', म्हणजे 'मोटार'. आता मोटार नावाचं पत्र सायकलवाल्यांनी का घ्यावं?

पण देग्रांजच्या खिशात एक कागद तयार होता. आदल्या नोव्हेंबरात जेवणाच्या टेबलावर त्याच्या हाताखालच्या झेओ लफेव्र या पोरानं एक कल्पना काढली होती : सायकलवरून सबंध फ्रान्सला प्रदक्षिणा. कोर्टाच्या निकालानंतर चार दिवसांच्या आत 'मोटार'नं सायकल-शर्यत जाहीर केली. हीच ती 'तूर द फ्राँस'. अंतर २४२८ किलोमीटर. सहाशे, बाराशे, चोवीसशे! मला हा हिशोब फार आवडतो. दर भांडणाला अंतर दुप्पट. पाय मात्र दोनच.

१ जुलै १९०३ ला साठ जण निघाले, एकवीस जण पोचले. लहानपणी धुराडी साफ करणारा मॉरिस गारँ जिंकला. देग्रांज स्वतः सुरुवातीला हजरसुद्धा नव्हता. फसली तर पोराची, जमली तर आपली, हा संपादकीय नियम जगभर सारखाच. ती जमली. 'लोतो'चा खप पंचवीस हजारांवरून पासष्ट हजारांवर गेला आणि १९०४ साली 'ल वेलो' बंद पडलं. शब्द जिंकलेला माणूस पत्र हरला. आणि जिफार? तो पुढं चक्क 'लोतो'मध्येच लिहू लागला. देग्रांजनं त्याला ठेवून घेतलं. यात औदार्य किती आणि गोडीगोडीचा सूड किती, ते पगाराच्या दिवशी दोघांचे चेहरे पाहिले असते तरच सांगता आलं असतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं सायकलीचं झालं, मोटारसायकल कुठाय? येते आहे. वाटेत ती वाळवंटात हरवली होती.

१९७० च्या दशकात झाँ-क्लोद बर्त्राँ नावाच्या गृहस्थानं आबिजाँ ते नीस, म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत, सहारा आडवी घालून शर्यत काढली. १९७७ साली त्यात थिएरी साबीन नावाचा तरुण मोटारसायकल घेऊन उतरला आणि वाळवंटात वाट चुकला. तहानेनं जीव जायची वेळ आली तेव्हा कुठं त्याचा शोध लागला. वाळवंटात वाट चुकलेल्या माणसाला दोन गोष्टी आठवतात : देव आणि घर. साबीनला तिसरीच आठवली. अशी शर्यत आपणच काढली तर? अर्थात तो मुळात त्याच जातीचा होता. समुद्राकाठच्या वाळूत मोटारसायकली पळवण्याची एक स्पर्धा त्यानं आधीच १९७५ मध्ये सुरू केली होती. वाट चुकलेल्या स्पर्धकाला नवी वाट सापडली, की जुन्या आयोजकाची वाट लागते.

साबीननं दिशा उलटी केली. बर्त्राँ आफ्रिकेतून फ्रान्सला आणत होता. यानं फ्रान्समधून आफ्रिकेला न्यायचं ठरवलं. २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून १८२ वाहनं निघाली आणि डाकारला ७४ पोचली. पहिल्या वर्षी मोटारी नि मोटारसायकली एकाच तराजूत तोलल्या होत्या, आणि सिरिल नेव्यू पाचशे सी.सी.च्या यामाहावर बसून सगळ्या मोटारींच्या पुढं पहिला आला. १९८२ साली ब्रिटनच्या पंतप्रधानांचा मुलगाच वाळवंटात सहा दिवस बेपत्ता झाला. लोखंडी म्हणून ख्यात असलेल्या थॅचरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि 'पॅरिस-डाकार' हे नाव ज्या घरांत मोटारसायकल नव्हती तिथंही पोचलं. बर्त्राँचं नाव मात्र आज हौशी अभ्यासकच घेतात.

इथं थोडं थांबायला हवं. मी भांडणं रंगवून सांगतो आहे, पण या वाळूत माणसं पुरलेली आहेत. पहिल्याच वर्षी एक मोटारसायकलस्वार गेला. पुढं अनेक गेले. रस्त्याकडेला नवल बघत उभी असलेली आफ्रिकेतली मुलंही गेली. त्यांनी ना फी भरली होती, ना नाव नोंदवलं होतं. १४ जानेवारी १९८६ ला मालीमध्ये हेलिकॉप्टर कोसळून खुद्द साबीन आणि बरोबरचे चौघे गेले. ज्या वाळवंटानं त्याला एकदा परत दिलं होतं, तिथंच त्याची रक्षा विखुरली. आयोजकांच्या ईर्ष्येचा हिशोब नेहमी दुसऱ्याच्या वहीत मांडला जातो. साबीनची गोष्ट एवढीच वेगळी, की त्याचं नाव दोन्ही वह्यांत आहे.

साबीनच्या वडिलांनी काही वर्षं शर्यत सांभाळली. मग १९९० च्या दशकात ती ए.एस.ओ. नावाच्या कंपनीकडे गेली. आता ही कंपनी कोण? 'लोतो' १९४४ साली बंद झालं. त्याच्या गादीवर १९४६ मध्ये 'लेकिप' हे क्रीडा-दैनिक आलं. त्याच घराण्यातली ही कंपनी, 'तूर द फ्राँस' भरवणारी. म्हणजे एका काउंटच्या दुखावलेल्या मिशांतून निघालेला वंश शंभर वर्षांनी सहारात पोचला.

कंपनीनं १९९५ मध्ये शर्यतीची सूत्रं युबेर ओरिओलकडे दिली. माणूस पारखून घेतलेला होता. जन्म अदिस अबाबाचा, लोक त्याला आफ्रिकनच म्हणत. दोनदा मोटारसायकलवर आणि एकदा मोटारीतून त्यानं ही शर्यत जिंकलेली. पण जिंकल्यापेक्षा तो लक्षात राहिला आहे हरल्यामुळं. १९८७ साली तो सगळ्यांच्या पुढं होता. शर्यत संपायला एक दिवस उरलेला असताना गाडी झाडाच्या खुंटाला धडकली आणि दोन्ही घोटे मोडले. त्या मोडक्या पायांनी त्यानं उरलेली वाट पुरी केली, मुक्कामाला पोचला आणि मग रडला. त्या वर्षी पुन्हा नेव्यू जिंकला. ही हकीकत वाचताना मला माझा सातारचा चहा आठवला आणि मी मुकाट्यानं नकाशाची घडी घातली.

ओरिओल २००४ पर्यंत संचालक होता. डिसेंबर २००७ मध्ये मॉरिटानियात चार फ्रेंच प्रवाशांची हत्या झाली, शर्यतीला धमक्या आल्या आणि ४ जानेवारी २००८ ला, सुटण्याच्या आदल्या दिवशी, कंपनीनं ती रद्द केली. पुढच्या वर्षी तिनं मांड हलवली ती थेट दक्षिण अमेरिकेत. जिवाचा प्रश्न होता. त्यात कंपनीचं चुकलं असं मी आरामखुर्चीतून तरी म्हणणार नाही. पण त्याच हंगामात ओरिओल, झाँ-लुई श्लेसेर हा डाकारचाच माजी विजेता आणि आणखी काही जुनी मंडळी आफ्रिकेत आपली वेगळी शर्यत घेऊन उभी राहिली. तीच ती 'आफ्रिका इको रेस'. रस्ता जुना, गुलाबी तळं जुनं, भरवणारेही जुने. फक्त नाव नवं, कारण जुन्यावर हक्क कंपनीचा. मोटारींत पहिल्या वर्षी जिंकला कोण? स्वतः श्लेसेर. घरचं कार्य म्हटल्यावर यजमानानं उपाशी का राहावं?

शंभर वर्षांपूर्वी नाव घालवून बसलेल्यांनी रस्ता काढला होता. आता त्यांचेच वारस नाव घेऊन निघून गेले आणि रस्ता मागं राहिला.

आमच्या कॉलनीत एकदा कोजागिरीवरून दोन तट पडले. दोघांचंही म्हणणं, खरं कोजागिरी मंडळ आमचंच. त्या वर्षी दोन गच्च्यांवर दोन कोजागिऱ्या झाल्या. मोठी माणसं एकमेकांकडे पाठ करून बसली आणि पोरांनी दोन्हीकडे जाऊन दोन दोन पेले मसाला दूध प्यायलं. तेव्हापासून भांडणाविषयी माझं मत थोडं मवाळ आहे. जिफार नि काउंट गळ्यात गळे घालून राहिले असते, तर 'तूर द फ्राँस' कुठून आली असती? फक्त दुधाची नासाडी होते आणि मोटारसायकलवरून माणूस पडतो, एवढा फरक विसरता कामा नये.

ओरिओल जानेवारी २०२१ मध्ये वारला. वारशाचं भांडण मात्र मिटल्यासारखं वाटत नाही. खरी डाकार कोणती, असा वाद मोटारसायकलवाल्यांत निघाला की चहाचे तीन कप होतात. मला विचाराल तर मला दोन्हींची काळजी नाही. मला काळजी वेगळीच आहे. या दोन्हींपैकी कुठल्या तरी शर्यतीत, आज ना उद्या, एक पोरगा वाट चुकणार. टेकडीच्या पलीकडे जाणार, पाण्याची बाटली उलटी करून बघणार आणि भर उन्हात मोटारसायकलच्या सावलीला टेकणार. तो लवकर सापडो, धडधाकट सापडो, अशी माझी मनापासून प्रार्थना आहे. पण सापडल्यावर त्याला पाणी पाजताना त्याच्या डोळ्यांकडेही जरा बघावं. ते घराच्या दिशेनं बघत असले तर ठीक. नकाशा मागत असले, तर तिसरी शर्यत जन्माला आली म्हणून समजा.